पोह्याच्या गिरणीतला अमोनिया

माझ्या बाबांना उजव्या डोळ्यानं दिसत नाही. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हा ते ठाण्याकडच्या एका बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. तिथं एका दुपारी अमोनियाची नळी फुटली. बाबा कर्जतला परत आले ते डोळ्यावर पांढरी पट्टी बांधून. पट्टी सुटल्यावर हळूहळू आमच्या लक्षात आलं, की त्या बाजूनं आम्ही त्यांना आता दिसत नाही. मग आई मला जेवायला त्यांच्या डाव्या अंगाला बसवू लागली. कारखान्याविषयी ते कधी बोलले नाहीत. पण उग्र वासाचं काही जवळ आलं, कुणाच्या केसांचा कलप किंवा माझ्या कपड्यांना चिकटून आलेला प्रयोगशाळेचा वास, की ते उठायचे आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. पुढं दहिवलीजवळच्या एका शाळेत त्यांना शिपायाची नोकरी लागली आणि तिथूनच ते निवृत्त झाले.

आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं पीएचडीला विषय घेतला तो अमोनियाचा.

मी कर्जतच्या बाजूच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात उष्णतेचं शास्त्र शिकवते. चाळिशी ओलांडली तसं मला वर्गात उभं राहणं कठीण होऊ लागलं. दर वर्षी त्याच फळ्यावर तोच बॉयलर काढायचा, तोच बाण, तीच वाफ, आणि समोर दर वर्षी नवी जांभई. तास संपला की मी स्टाफरूममध्ये न बसता कॉलेजच्या आवारात फेऱ्या मारायचे. आई होती तोवर म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. आई गेली, घरात आम्ही दोघंच उरलो, पण भिंगरी काही सुटली नाही. पायापेक्षा ती डोक्यातच जास्त फिरत होती.

अशात एका संशोधन-पत्रिकेच्या जुन्या अंकात मला अमोनिया आणि पाण्याच्या मिश्रणावर चालणाऱ्या यंत्राचा लेख सापडला, आणि मी तो बसल्या जागी दोनदा वाचला. नुसतं पाणी एकाच तापमानाला उकळतं आणि सगळ्याची वाफ होईपर्यंत तिथंच थांबतं. मिश्रणाचं तसं नसतं. त्यातून आधी अमोनिया निघतो, तोही थोडक्या उष्णतेवर. जसजसा तो निघून जातो तसतसं उरलेलं मिश्रण उकळायला अधिक उष्णता मागत जातं. म्हणजे धुराड्यातून फुकट जाणारी उष्णता, जी बॉयलरच्या मानानं कोमटच, तिच्यावरही हे भागतं. निघालेल्या वाफेनं छोटं टर्बाइन फिरवायचं, वीज करायची. आणि काम करून ती वाफ बाहेर पडते तेव्हा इतकी गार झालेली असते, की तिच्यावर एखादी खोली थंड ठेवता येते. मग तिला पुन्हा पाण्यात विरघळवायचं, पुन्हा तापवायचं. एकाच जाळावर वीजही आणि थंडावाही.

कागदावर हे फार देखणं दिसतं. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांच्या ताटातलं खातात. टर्बाइनमध्ये सोडण्याआधी वाफ जास्त तापवली तर वीज वाढते, पण मग ती बाहेर पडताना गार नसते. कमी तापवली तर गारवा मिळतो आणि वीज मान टाकते. या ओढाताणीतच मला करमू लागलं. एका बाजूला स्थिर असलेलं काही माझ्या स्वभावाला मानवतच नाही.

बाबांना मी जेवताना सांगितलं. लपवायचं नव्हतं, आणि लपलंही नसतं. त्यांनी घास तोंडापर्यंत नेला होता, तो परत ताटात ठेवला.

"तोच?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. सगळं समजावून सांगायला लागले: यंत्र लहान आहे, त्यातला साठा तुमच्या कारखान्याच्या मानानं काहीच नाही, झडपा नव्या, मास्क असतील. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. हात धुऊन ओट्यावर गेले. संध्याकाळी विहारात वंदनेला गेले, परत आले, आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "जिथं लावशील तिथं मी येणार. बसून राहीन. तुझ्या कामात बोलायचो नाय."

मला हे नको होतं. कुणी बघत बसलं की माझे हात चुकतात. पण त्या आवाजाला नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

जागा मिळाली ती पळसदरीच्या पुढं, खालापूर तालुक्याच्या हद्दीतल्या एका पोह्याच्या गिरणीत. गिरणी एक बाई चालवायच्या. नवरा गेल्यावर दिरांनी गिरणी विकायचा सल्ला दिला होता; त्यांनी तो ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच भट्टीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कामगार त्यांना मालकीणबाई म्हणत, मी काकी म्हणू लागले. भात गरम पाण्यात भिजवायचं, भट्टीत भाजायचं, मग चेपून पोहे करायचे, असा तिथला क्रम. भट्टीत तूस आणि लाकूड जळे आणि तिचा सगळा ताप धुराड्यावाटे आकाशात जाई. मला तोच ताप हवा होता.

काकींनी माझं बोलणं पुरं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "मॅडम, वीज माझ्याकडं हाय. गार खोली नाय. ती होईल का?"

मी होईल म्हणाले. विजेचं काय ते माझं मी बघून घेईन, असंही म्हणाले. यंत्र माझ्या प्रकल्पातलं, खोली त्यांची, असं ठरलं. गिरणीच्या मागं त्यांनी एक शेड दिली. तुसाचा भुगा उडून यंत्रात जाऊ नये म्हणून आम्ही तिला तीन बाजूंनी विटांच्या भिंती घातल्या. शेडला पाठ लावून, वेगळ्या दाराची, जाड अस्तराची गार खोली बांधली. दोन्हींच्या मध्ये फक्त मिठाच्या पाण्याची नळी. अमोनिया खोलीत जायचाच नाही, त्याचा गारवा तेवढा मिठाच्या पाण्यानं वाहून न्यायचा. यंत्रात तांबं-पितळ कुठंही चालत नाही, अमोनिया ते खातो. म्हणून एकेक जोड पोलादी शोधण्यात माझा सगळा हिवाळा गेला. सकाळी कॉलेज, दुपारी स्कूटरवरून गिरणी, मागं बाबा. त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर असायचा, आणि वळणावर तो घट्ट व्हायचा.

गिरणीच्या मागच्या फाटकाजवळ, शेडसमोर, आंब्याचं झाड आहे. बाबांनी त्याच्याखाली उलटं खोकं टाकलं आणि बसले. शेजारी पाण्यानं भरलेली बादली आणि तिच्यात बुडवलेला पंचा. एक बांबू रोवून त्याच्या टोकाला जुन्या धोतराची चिंधी बांधली. काकींना वाटलं काही देवाचं असेल. बाबा म्हणाले, वारा कुठला ते कळावं म्हणून. पळायचं ते वाऱ्याला आडवं, एवढंच त्यांनी सांगितलं. दुपारभर ते त्या चिंधीकडं बघत, आणि मी शेडमधून त्यांच्याकडं. माझं डोकं ठिकाणावर राहत नसे. काटा वाचायला वाकले की वाटे, ते आपल्याकडंच बघतायत. वळून बघावं तर ते वाऱ्याकडं बघत असायचे. त्याचाही मला राग यायचा.

होळीच्या सुमारास यंत्र पहिल्यांदा नीट फिरलं. टर्बाइनची चकती तळहातावर मावेल एवढी, पण तिचा आवाज कानात घुसायचा, चिडलेल्या माशीसारखा. टर्बाइनमधून बाहेर येणाऱ्या नळीवर मी हात ठेवला आणि तो ओला झाला. भट्टीला पाठ देऊन उभी होते, कपाळावर घाम होता, आणि हाताखालच्या पोलादावर दव जमलं होतं. वीज किती होते ते कळावं म्हणून टांगलेले दिवे लागले. मी धावत जाऊन बाबांना बोलावलं. ते आले, पण शेडच्या उंबऱ्याशीच थांबले. मी त्यांचा हात धरून नळीवर ठेवायला गेले तर त्यांनी तो मागं घेतला.

"बघितलं," ते म्हणाले. "चांगलं हाय." आणि परत झाडाखाली गेले.

गार खोली सुरू झाली तशी बातमी पसरली. ठाकुरवाडीकडच्या उतारावरून बायका करवंदं, पुढं जांभळं घेऊन रस्त्यावर येतात आणि शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना विकतात. आडवारी गाड्या कमी. जांभूळ एका दुपारीच पाणी सोडतं. उरलेली पाटी संध्याकाळी ओतून द्यायची आणि उद्या पुन्हा झाडावर चढायचं. त्यांतली एक बाई काकींकडं पोहे घ्यायला यायची. वयानं माझ्याएवढी, बोलायला तुटक, हसली तर फक्त डोळ्यांनी. तिनं एक दिवस विचारलं, पाटी आत ठेवू का. काकी म्हणाल्या, ठेव. दुसऱ्या दिवशी तिनं पाटीतलं एक जांभूळ दाबून बघितलं, मग आणखी एक, आणि पाटी डोक्यावर घेऊन रस्त्याला लागली. त्यानंतर तिच्या वाडीतल्या आणखी बायका येऊ लागल्या.

खरं सांगायचं तर त्या पाट्यांनी माझी झोप उडवली. माझे मार्गदर्शक सर मुंबईहून फोनवर आकडे विचारायचे. ते वाईट नव्हते, पण त्यांना वीज हवी होती. अमोनियावर नुसती खोली गार करणं हे फार जुनं काम आहे, ते म्हणाले, त्यात तुमचं असं काय? आणि ते बरोबरच होते. माझ्या प्रबंधाचा सगळा भार 'दोन्ही एकत्र' या शब्दांवर होता. पण वाफ जरा जास्त तापवली की दिवे झळकायचे आणि खोलीचा काटा वर सरकायला लागायचा. मी झडप थोडी इकडं, थोडी तिकडं करत राहायचे. त्यात मे आला, गिरणीची विहीर खाली गेली, आणि जे पाणी वाफेला परत विरघळवताना गार ठेवायला लागतं तेच कोमट झालं. वीजही घटली, गारवाही घटला. यंत्रातून तापून बाहेर पडणारं हे पाणी आम्ही भात भिजवायला वळवलं होतं. काकी त्यावर खूश होत्या. मी सोडून सगळेच थोडेफार खूश होते.

मेच्या शेवटी सर येणार असं ठरलं, सोबत बाहेरच्या विद्यापीठाचे एक प्राध्यापक. त्या दिवशी यंत्र विजेच्या बाजूनं चालवायचं होतं. मी आदल्या दिवशी बायकांना सांगितलं, उद्या पाट्या ठेवू नका, खोली गार राहणार नाही. सगळ्यांनी नेल्या. त्या तुटक बोलणाऱ्या बाईनं मात्र ठेवली. तिची सून पहिल्या बाळंतपणासाठी कर्जतच्या दवाखान्यात होती आणि तिला तिकडं जायचं होतं.

"काय होईल ते होईल," ती म्हणाली. "वर न्यायला आता येळ नाय."

सकाळी पाहुणे आले. काकींनी त्यांना पोह्यांचा चिवडा आणि चहा दिला. मी वाफ तापवली. टर्बाइनचा आवाज चढत गेला, टांगलेल्या दिव्यांची रांग लख्ख उजळली. प्राध्यापकांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, सर बाजूला उभं राहून मान डोलवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच समाधान बघत होते. आणि माझं लक्ष तिथं नव्हतंच. भिंतीपलीकडं ती पाटी होती. आतला गारवा किती उरला असेल, जांभळं मऊ पडायला लागली असतील का, एवढंच डोक्यात. सर म्हणाले, जेवणापर्यंत असंच चालू ठेवा. मी हो म्हटलं, यंत्रावर हाताशी घेतलेल्या मदतनिसाला काट्यांवर नजर ठेवायला सांगितलं आणि मी आत्ता आले असं म्हणून शेडला वळसा घालून गार खोलीकडं गेले. पाहुणे काकींबरोबर गिरणीच्या पुढच्या बाजूला गेले. बाबा झाडाखाली चिंधीकडं बघत होते.

मी खोलीचं दार उघडून आत वाकले होते तेव्हा आवाज आला. स्फोट नव्हता. कुणी दातांतून हवा सोडावी तसा, पण लांबलचक. आणि लगेच तो वास. ज्यानं तो एकदा घेतला आहे त्याला त्याचं वर्णन नको, आणि ज्यानं घेतला नाही त्याला सांगून कळत नाही. नाकाआधी डोळे मिटतात.

आम्ही या गोष्टीची उजळणी केली होती. मदतनीस नियमाप्रमाणे लाल बटण दाबून बाहेर पळाला. पंप बंद पडला, भट्टीचा ताप परस्पर धुराड्याकडं वळला. काकींनी कामगारांना आणि पाहुण्यांना हाताला धरून वाऱ्याला आडवं, शेताकडं काढलं. मी मागच्या बाजूला होते, मोकळ्या हवेत, वारा माझ्याकडून शेडकडं जात होता. मला काहीच झालं नव्हतं. मी कोपऱ्यावर आले आणि बघितलं, तर आंब्याखालचं खोकं रिकामं होतं.

बाबा शेडच्या दाराशी होते. ओला पंचा त्यांनी नाकातोंडाला बांधला होता. आणि डावा डोळा, त्यांचा चांगला डोळा, तळहातानं गच्च झाकून घेतला होता. दुसऱ्या हातानं भिंत चाचपत ते आत शिरत होते. म्हणजे मला शोधायला निघालेला माणूस, उरलेला डोळा वाचवण्यासाठी पूर्ण आंधळा होऊन आत चालला होता. ते मला हाक मारत होते. माझ्या नावानं नाही. लहानपणी म्हणायचे तसं, "बाय, बाय गं."

मी ओरडले, मी इकडं आहे. आतल्या फुसकाऱ्यात ते त्यांना ऐकू गेलं नसावं. ते दिसेनासे झाले.

मास्क शेडच्या बाहेरच्या खुंटीवर होता. तो चढवताना पट्टा बकलात जाईना. त्या क्षणाइतका लांब क्षण माझ्या आयुष्यात दुसरा नाही. काकी तोवर शेतातून परत आल्या होत्या. त्यांनी पाण्याचा पाइप उघडला आणि दारावर धार धरली, कारण पाणी अमोनियाला ओढून घेतं हे मीच त्यांना शिकवलं होतं. मी धारेतून आत गेले. आत पांढुरकं धुकं होतं. बाबा फार लांब गेले नव्हते, टाकीशी अडखळून गुडघ्यावर बसले होते, हात अजून डोळ्यावर. मी त्यांच्या काखेत हात घातले. कोण आहे हे त्यांना कळलं नाही, ते मला ढकलायला लागले, आतच जायला बघत होते. मास्कमधून माझा आवाज माझा वाटत नसावा. मी त्यांचा हात ओढून माझ्या खांद्यावर ठेवला, स्कूटरवर असतो तसा. मग ते आले.

बाहेर काकींनी धार त्यांच्या तोंडावर धरली आणि मी ती बराच वेळ तशीच धरून ठेवायला लावली. नंतर मास्क घालून परत गेले आणि मुख्य झडप फिरवून बंद केली. फुसकारा हळूहळू मंदावला.

कर्जतच्या दवाखान्यात त्यांचा डोळा पुन्हा पुन्हा धुतला. डॉक्टर म्हणाले, डोळा शाबूत आहे, छातीला मात्र त्रास होईल. झालाही, कितीतरी दिवस ते खोकत होते. सर दवाखान्यात येऊन बसले, विजेबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. मी कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. एका खेपेला बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दारात ती जांभळंवाली बाई दिसली. तिला कुणीतरी सांगितलं होतं. पाटीबद्दल मीच बोलायला लागले, तर तिनं हातानंच थांबवलं आणि विचारलं, "म्हातारा कसा हाय?" मग म्हणाली, नात झाली. एवढं सांगून ती आत गेली. तिची जांभळं संध्याकाळपर्यंत मऊ पडली होती; काकींनी ती कामगारांत वाटून टाकली असं मला नंतर कळलं.

गळती कशामुळं झाली ते शोधायला वेळ लागला नाही. दाब मोजायच्या काट्याचा जोड वरून पोलादासारखा चकचकीत होता, आतून पितळ निघालं. वरच्या मुलाम्याच्या आत अमोनियानं त्याला बारीक बारीक तडे पाडले होते. त्या दिवशी आम्ही जास्त तापवलं, दाब वाढला, आणि तो गेला. तुकडा हातात घेऊन मी कितीतरी वेळ शेडमध्ये उभी होते. पोलादी म्हणून घेतलेला, पोलादी म्हणूनच बसवलेला. एवढ्याशा तुकड्यानं माझा बाप जवळजवळ नेला होता.

मी ठरवलं, बंद. सरांना कळवलं, काकींना सांगितलं. काकी म्हणाल्या, तुझी मर्जी, मी जबरदस्ती करणार नाही. घरी आले तर बाबा उशीला टेकून बसले होते. त्यांना सांगितलं. वाटलं होतं, सुटलो असं म्हणतील.

"का गेलात आत?" मी विचारलं. इतके दिवस न विचारलेलं शेवटी बाहेर पडलं, आणि रागानंच. "तुम्हीच सांगितलं होतंत ना, पळायचं म्हणून?"

"तू आत हायस असं वाटलं."

"मी नव्हते."

"ते आत्ता म्हाईत झालं." त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाले, "बंद करायचं तर कर. पण माझ्या नावावर नको करू. मी आता नाय येणार तिथं. मी बसलो तर पुन्हा आत शिरणार, मला म्हाईत हाय. तुझं काम तू कर."

आणि ते आडवे झाले, भिंतीकडं तोंड करून. मी पाणी दिलं ते त्यांनी पडल्या पडल्याच प्यायलं.

मला त्यांच्या येण्याचा इतका जाच झाला होता, आणि आता ते येणार नाहीत म्हटल्यावर तेच मला सोसेना. पुढचे काही आठवडे मी काहीच ठरवू शकले नाही. कॉलेजात शिकवायचे, घरी यायचे, बाबांना वाफारा द्यायचे, पुन्हा बाहेर पडायचे. पळसदरीच्या धरणापर्यंत चालत जायचे आणि तिथं पोचले की परत फिरायचे. बसावंसं वाटायचं नाही, जावं असंही कुठं वाटायचं नाही.

शेवटी एका रविवारी मी गिरणीत गेले ते भिंती पाडायलाच. यंत्र ठेवायचं की नाही हे ठरलं नव्हतं. पण त्या तीन भिंतींनी वास कोंडून धरला होता, त्या तरी आधी जाऊ देत. काकींनी दोन माणसं दिली. विटा खाली आल्या तसा मागच्या डोंगराचा वारा सरळ शेडमधून वाहू लागला. तुसासाठी आता जाळी लावू, असं मी कुणालातरी म्हणाले, आणि ते ऐकून माझं मलाच कळलं, की ठरलं आहे.

नवं यंत्र आधीपेक्षा लहान आहे. अमोनिया कमी, दाब कमी. प्रत्येक जोड मी कापलेला नमुना बघून मगच बसवला. दुकानदार माझ्यावर वैतागले. वीज त्यातून थोडीच निघते, मिठाच्या पाण्याचा पंप आणि खोलीतला दिवा तिच्यावर चालतो, त्यापुढं फारसं नाही. सरांना मी हेच आकडे दाखवले: जिथं वीज जास्त तिथंही, जिथं गारवा जास्त तिथंही, आणि त्यांच्या मधली सगळी जागा. त्यांनी एक रात्र मागितली आणि सकाळी फोन केला, की प्रबंध या मधल्या जागेवरच लिहा. मी तो लिहिला. पदवी मिळाली त्या दिवशी बाबा पांढरा सदरा घालून आले होते. सभागृहात त्यांनी उजव्या बाजूला खुर्ची घेतली, म्हणजे मंच डावीकडं यावा.

गिरणीत मात्र ते गेले नाहीत, अजूनही नाहीत. मी तिथं असताना ते घरात काय करतात हे शेजारच्या वहिनींनी मला एकदा सांगितलं: फाटकाशी येतात, रस्त्याकडं बघतात, आत जातात, पुन्हा येतात. मलाही गिरणीत काम करता करता मान वर करून झाडाखाली बघायची सवय लागली आहे, आणि तिथं आता कामगार सायकली लावतात.

काकींनी गार खोली वाढवून घेतली. बायकांनी आपसांत पाळ्या लावल्या आहेत. ती तुटक बोलणारी बाई नातीला कडेवर घेऊन येते. पोरगी गार हवा लागली की दचकते आणि मग पुन्हा आत जायला हात पसरते.

परवा खालापूरच्या एका दूध डेअरीतून निरोप आला. त्यांच्याकडं बॉयलर आहे, धूर वाया जातो, दूध गार करायला वीज पुरत नाही. बघून जाल का, म्हणाले. आता झालं ते पुरे, एवढ्यावर थांबावं, असं मी मनात म्हणत होते आणि हातानं पिशवीत मापाची पट्टी, हातमोजे, मास्क भरत होते. बाबा स्वयंपाकघरात भाकरी भाजत होते. त्यांनी कुठं चाललीस विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तवा उतरवला.

"तिथं दारं किती हायत?" मग त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, अजून बघितलं नाही, तेच बघायला चालले आहे.

"बघ," ते म्हणाले. "आणि जेवून जा."